कुजलेला डेक: जुन्या फायबरग्लास शिडाच्या बोटीचा गाभा बदलण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी शिडाची बोट घेतली, डेकवर चालताना पायाखाली काहीतरी दबलं, आणि कुणीतरी जाणकार म्हणाला, "गाभा गेलाय." तिथून पुढे जे प्रश्न पडतात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण त्या ठिकाणी घाई केली की तेच काम पुन्हा करावं लागतं.

फायबरग्लास कुजत नाही ना? मग डेक कसा कुजतो?

फायबरग्लास कुजत नाही हे खरं. पण बहुतेक जुन्या बोटींचा डेक नुसत्या फायबरग्लासचा नसतोच. वर एक साल, खाली एक साल आणि मधे हलका गाभा, असे तीन थर असतात. वरची साल साधारण ३ ते ५ मिलिमीटरची, खालची बहुधा त्याहून पातळ आणि मधला गाभा १२ ते २० मिलिमीटरचा. जुन्या बोटींत हा गाभा बहुतेक वेळा बाल्सा लाकडाचा असतो, काहींत प्लायवुडचा, काहींत फोमचा.

ही रचना ताठपणासाठी करतात. तेवढंच फायबर दोन सालींत वाटून मधे गाभा घातला आणि एकूण जाडी दुप्पट केली, तर ताठपणा सुमारे ७ पट होतो. जाडी चौपट केली तर सुमारे ३७ पट. वजन मात्र थोडंसंच वाढतं. अट एकच, तिन्ही थर एकमेकांना घट्ट चिकटलेले हवेत. वही सहज वाकते, कारण तिची पानं एकमेकांवर घसरतात. तीच पानं खळीने चिकटवून पुठ्ठा केला तर वाकत नाही. गाभा कुजला की डेकचा पुठ्ठा पुन्हा वही होतो. पायाखाली दबतं ते हे.

पाणी आत शिरतं कुठून?

भोकांतून. डेकच्या मधल्या सपाट भागातून पाणी सहसा शिरत नाही. कठड्याच्या खांबांचे पाय, क्लीट (दोर बांधायच्या खुंट्या), विंच (दोर ओढायचे रहाट), शिडाच्या दोऱ्यांचे ट्रॅक, हॅचच्या (डेकवरच्या झडपांच्या) कडा, डोलकाठीचं बूड आणि सगळ्यात जास्त चेनप्लेट (डोलकाठीला धरून ठेवणारे ताणदोर ज्यांना बांधतात त्या धातूच्या पट्ट्या), अशा प्रत्येक ठिकाणी कुणीतरी डेकला भोक पाडून नटबोल्ट घातलेला असतो. सुरुवातीला त्याभोवतीचं सीलंट चांगलं असतं. मग वर्षानुवर्षं खांबाला धरून लोक बोटीवर चढतात, खांब किंचित हलतो, सीलंट सुटतं आणि थेंब थेंब पाणी उघड्या लाकडात उतरू लागतं. केबिनमध्ये गळायला लागेपर्यंत आतला गाभा बऱ्याचदा केव्हाच भिजलेला असतो.

बाल्साचे छोटे ठोकळे तंतू उभे राहतील असे लावलेले असतात. लाकडात पाणी तंतूंच्या दिशेने लवकर सरकतं, आडवं हळू; त्यामुळे या मांडणीत ओल पसरायला वेळ लागायला हवा. पण डेकला बाक असतो आणि तो घेता यावा म्हणून ठोकळे जाळीवर सुटे चिकटवलेले असतात. बोट बांधताना त्यांच्यामधल्या फटी रेझिनने (फायबरला बांधून ठेवणाऱ्या, सुकून कडक होणाऱ्या द्रवाने) भरल्या नसतील तर त्याच पाण्याच्या नाल्या होतात. म्हणून पाणी एका खांबाशी शिरतं आणि मऊ जागा सापडते हातभर लांब. मऊ जागा दिसली म्हणजे गळती तिथेच आहे असं धरून चालू नका.

कुजलं आहे हे न कापता कसं ओळखायचं?

आधी पायांनी, मग कानांनी. अनवाणी चाला. डेक लवतो का, चरचर आवाज येतो का, दाब दिल्यावर एखाद्या बोल्टभोवती तपकिरी पाणी येतं का, ते बघा. मग प्लास्टिकची छोटी हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि दर ५ सेंटिमीटरवर हलकेच ठोकत जा. चांगला डेक खणखणीत वाजतो. गाभा सुटलेला किंवा कुजलेला असेल तिथे आवाज बद्द येतो. तडा गेलेलं मडकं जसं बद्द वाजतं, अगदी तसाच. कान अर्ध्या तासात तयार होतो. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलने किंवा चिकटपट्टीने खूण करत जा. शेवटी डेकवर एक नकाशा तयार होतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

खाली बल्कहेड (बोटीतली आडवी भिंत) असेल किंवा मुळातच भरीव फायबर असेल, तिथेही आवाज बदलतो. त्यामुळे डावी-उजवी बाजू ताडून बघा. दोन्हीकडे त्याच जागी सारखाच बदल असेल तर तो बहुधा रचनेचा भाग असतो.

ओल मोजण्याचं मीटर घ्यावं का?

मिळालं तर घ्या, पण त्याच्या आकड्यावर विसंबू नका. ही मीटर मुळात लाकडासाठी बनवलेली असतात, फायबरच्या सालीतून ती टक्केवारी सांगू शकत नाहीत. फक्त "इथे कमी, तिथे जास्त" एवढा फरक कळतो. खाली धातूची पट्टी, पाण्याची टाकी किंवा दमट छत असलं तरी काटा चढतो.

खात्री करायची असेल तर केबिनच्या आतून, खालच्या सालीला ४ मिलिमीटरची भोकं पाडा. ड्रिल बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा, म्हणजे वरची साल फुटणार नाही. भुसा कोरडा आणि फिकट आला तर गाभा ठीक आहे. काळपट, ओला, चहाच्या चोथ्यासारखा आला तर उत्तर मिळालं. ही भोकं नंतर घट्ट केलेल्या इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर असे दोन घटक कालवून कडक होणाऱ्या चिकट्याने) बुजवा.

मऊ डेक घेऊन बोट चालवली तर चालेल का?

डेकच्या मोकळ्या भागात लहानशी मऊ जागा असेल आणि वारा-पाणी शांत असेल, तर एखादा हंगाम लोक काढतात. चेनप्लेटभोवती, डोलकाठीच्या बुडाशी, कठड्याच्या खांबांखाली किंवा नांगराच्या क्लीटखाली मऊ असेल तर मी नाही म्हणेन. या जागांवर माणसाचा जीव आणि डोलकाठी पेललेली असते. डोलकाठी डेकवरच टेकलेली असेल आणि तिच्याखाली डेक खचत असेल, तर दुरुस्तीआधी बोटी तपासणाऱ्या अनुभवी सर्व्हेअरला बोट दाखवाच.

भोकं पाडून इपॉक्सी आत सोडली तर काम भागत नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि सगळ्यात जास्त पैसे व कष्ट वाया जातात तेही इथेच.

इपॉक्सी कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागाला चिकटते. कुजलेला गाभा ओला असतो, चिखलासारखा असतो आणि सालीपासून सुटलेला असतो. त्यात इपॉक्सी सोडली की ती मोकळ्या वाटेने वाहते, ओल्या लगद्याला वळसा घालते आणि मधेमधे कडक गुठळ्या करून बसते. वरून डेक टणक वाटतो, म्हणून माणूस समाधानी होतो. आत ओल कोंडलेली राहते आणि शेजारचा चांगला गाभा खराब होत जातो. दोन-तीन वर्षांनी खरी दुरुस्ती करायची वेळ आली की त्या गुठळ्या पटाशीने फोडाव्या लागतात. त्याला कुजका गाभा काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आधी वाळवून मग सोडली तर? भोकांतून हवा खेळवून, दिवे लावून, व्हॅक्यूम लावून वाळवायचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. बंद सालींमधलं पाणी अतिशय हळू निघतं. आणि कुजलेलं लाकूड वाळलं तरी त्याची ताकद परत येत नाही.

इंजेक्शन दोनच ठिकाणी पटतं. गाभा पूर्ण कोरडा आणि धड आहे, फक्त साल सुटली आहे, अशी तळहाताएवढी जागा; किंवा एखाद्या बोल्टच्या भोकाभोवतीची बोटभर ओल, जिथला गाभा तुम्ही आतून कोरून काढू शकता.

वरून कापायचं की केबिनच्या आतून?

शक्य असेल तर वरून. आतून केलं तर डेकचा चेहरामोहरा शाबूत राहतो, हे आकर्षक वाटतं. पण मग डोक्यावर हात धरून तासन् तास काम, गळणारी इपॉक्सी, तोंडावर येणारी धूळ आणि गाभा वर दाबून धरण्यासाठी टेकूंचं जंगल, हे सगळं आलं. वरून काम करताना गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने असतं. गाभा सपाट बसतो, हवा वर निघून जाते, वजन ठेवून दाबता येतं. डेकवर महागडं सागवान असेल किंवा वरची साल पुन्हा जमवणं अशक्य असेल, तेव्हाच आतून करा.

डोलकाठी उतरवावी लागते का?

चेनप्लेट किंवा डोलकाठीच्या जवळ कापणार असाल तर हो. दूर कुठेतरी छोटा तुकडा असेल तर ताणदोर ढिले करून भागतं.

किती कापायचं आणि कुठून?

ठोकून काढलेल्या नकाशापेक्षा थोडं जास्त, कारण ओल आवाजाच्या पुढे गेलेली असते. पण एका दमात सगळा डेक उघडू नका. वरची साल आणि गाभा दोन्ही निघाले की उरते ती एक पातळ खालची साल, आणि तिला डेकचा बाक टिकवता येत नाही. केबिनमध्ये आधी लाकडी टेकू लावा, डेकचा बाक पुठ्ठ्यावर उतरवून घ्या आणि भाग पाडून काम करा. एक भाग पूर्ण झाला की पुढचा.

रेघ आखताना पुढचा विचार करा. नवा सांधा करताना दोन्ही बाजूंना उतार घासावा लागतो. सालीच्या जाडीच्या १२ पट रुंद उतार ठेवतात, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सालीला जवळजवळ ५ सेंटिमीटर. म्हणून डेकवर पाय घसरू नये यासाठी केलेल्या खरखरीत पट्ट्याच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटर आत कापा. उतारही खरखरीत भागातच राहतो, आणि नंतर तो पट्टा रंगवला की सांधा दिसत नाही. गुळगुळीत, गोलाई असलेल्या कडांना हात लावू नका. त्या पुन्हा घडवणं फार कष्टाचं असतं. कोपरे काटकोनी ठेवू नका, गोल करा.

आधी एक भोक पाडून सालीची जाडी मोजा. करवतीच्या पात्याची खोली त्याहून किंचित जास्त ठेवा. पातं गोल करवतीचं असो वा मल्टिटूलचं, खालच्या सालीला ते लागता कामा नये.

साल निघाली. आता गाभा कसा काढायचा?

कुजलेला भाग खरवडणीने, कधी कधी हातानेच निघतो. त्याचा वास तुमच्या लक्षात राहील. अवघड असतो तो कडेचा अर्धवट चांगला गाभा. तो सालीला घट्ट असतो आणि पटाशी हवीच लागते. पटाशी सपाट धरा. खालची साल पातळ असते आणि तिच्यातून आरपार जायला एक चुकीचा फटका पुरतो.

थांबायचं कुठे? जिथे लाकूड फिकट, कोरडं आणि दोन्ही सालींना चिकटलेलं आहे, तिथे. "थोडंसंच ओलं आहे, राहू दे" असं मनात येईल तेव्हा आणखी एक हात पुढे कापा. मी स्वतः असाच एक कोपरा कंटाळून सोडला होता आणि तोच पुन्हा उघडावा लागला.

आतली साल वाळली आहे हे कसं कळणार?

वर तंबूसारखं ताडपत्रीचं छप्पर करा, पंखा लावा, काही दिवस जाऊ द्या. मग पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने सालीवर घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर अजून ओल आहे.

नवा गाभा कोणता घ्यावा?

उभ्या तंतूंचा बाल्सा हलका असतो, दाब उत्तम सोसतो आणि सालींशी छान एकजीव होतो. घनमीटरला साधारण १५० किलो वजन. बोट बाल्साची असेल तर पुन्हा बाल्सा घालण्यात काहीच गैर नाही. तो कुजला ते भोकं नीट न बुजवल्यामुळे.

बंद पेशींचा फोम कुजत नाही, म्हणून अनेकांना तो सुटकेचा मार्ग वाटतो. पण पाणी शिरलं तर साल फोमपासूनही सुटू शकते. शिवाय हलका फोम बोल्टखाली चेपतो, आणि गडद रंगाच्या डेकवर उन्हाने मऊ पडण्याचा धोका असतो. जास्त घनतेचा फोम घेतला तर मोकळ्या भागासाठी तो चांगलाच आहे.

मरीन प्लायवुड दाबाला मजबूत, पण बाल्साच्या तिपटीहून जड. त्याच्या आडव्या थरांतून पाणी दूरवर सरकतं. वापरायचंच असेल तर छोटे चौकोन करून, प्रत्येकाच्या कडा इपॉक्सीने बंद करून वापरा.

जाडी मात्र जुन्या गाभ्याइतकीच हवी, नाहीतर वरची साल कडेला जुळणार नाही.

बोट पॉलिएस्टर रेझिनची आहे. मग दुरुस्ती इपॉक्सीने का?

कारण जुन्या, पूर्ण सुकलेल्या फायबरला पॉलिएस्टर तितकं धरत नाही. इपॉक्सी जास्त चांगली धरते. एक सावधगिरी: साध्या चिरलेल्या तंतूंच्या मॅटमधला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. त्यामुळे इपॉक्सीबरोबर विणलेलं किंवा टाके घातलेलं दुपदरी कापड वापरा.

गाभा बसवायची नेमकी पद्धत काय?

कोरडा बसवून बघा, प्रत्येक तुकड्यावर आकडा आणि बाणाची खूण करा, मग बाहेर काढा. खालची साल ८० नंबरच्या पेपरने घासून मंद करा, पुसा. हे सगळं इपॉक्सी कालवायच्या आधी.

मग खालच्या सालीला आणि गाभ्याच्या सर्व बाजूंना पातळ इपॉक्सी लावा. बाल्साचे उभे तंतू ती भराभर पितात. चकाकी टिकेपर्यंत पुन्हा पुन्हा लावत राहा. हा टप्पा टाळला तर लाकूड पुढच्या थरातली इपॉक्सी शोषून घेतं आणि सांधा कोरडा पडतो. लाकडाला लेप देताना तापमान उतरत असेल अशी वेळ निवडा, म्हणजे दुपार कलल्यावर. सकाळी ऊन चढताना लाकडातली हवा फुगते आणि लेपात बुडबुडे येतात.

यानंतर इपॉक्सीत कोलॉयडल सिलिका (घट्टपणा आणणारी बारीक पूड) मिसळून लोण्यासारखी घट्ट करा आणि दातेरी पत्र्याने खालच्या सालीवर पसरा. गाभ्याला आधीच काही बारीक भोकं पाडून ठेवा. दाबल्यावर त्यांतून घट्ट इपॉक्सी वर आली म्हणजे खाली हवा राहिली नाही. ठोकळ्यांमधली प्रत्येक फट भरा. पुढे कधी पाणी शिरलंच तर ते तिथेच अडेल. वर प्लास्टिक पसरून वाळूच्या पिशव्या ठेवा. एकाच ठिकाणी जड वजन नको, सगळीकडे सारखं.

इपॉक्सी थोडी थोडी कालवा आणि लगेच पसरट थाळीत ओता. खोल डब्यात ती स्वतःच तापते, कधी कधी धूर येईपर्यंत. लवकर सुकावी म्हणून हार्डनर जास्त घालू नका, प्रमाण बिघडलं की ती कायम चिकट राहते. वेग हवा असेल तर त्या तापमानाचा हार्डनर घ्या.

कापलेली जुनी साल परत वापरता येते का?

हो, धड असेल तर जरूर वापरा. तिच्या खालच्या बाजूचा जुना गाभा पूर्ण घासून काढा आणि नव्या गाभ्यावर तशाच घट्ट इपॉक्सीत बसवा. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंना उतार घासून, मोठी पट्टी आधी आणि लहान नंतर, असे कापडाचे थर भरा. साल तुटली किंवा वाकली असेल तर सरळ नवीन थर चढवा. वजनात किंवा ताकदीत फरक पडत नाही, घासकाम मात्र वाढतं.

शेवटच्या थरावर पील प्लाय (सुकल्यावर सोलून काढायचं कापड) लावलं तर पुढचे श्रम वाचतात. नसेल लावलं तर सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच पेपर मारा. आधी पेपर मारला तर तो थर आत चोळला जातो आणि रंग धरत नाही.

खोलगट जागा भरायला इपॉक्सीत मायक्रोबलून (पोकळ, अतिबारीक गोळ्यांची पूड) मिसळून केलेली हलकी पुट्टी चांगली. ती फक्त आकार देण्यासाठी असते, जोडायच्या किंवा भार घेणाऱ्या जागी कधीही नको.

वरून जेलकोट की रंग?

रंग. जुन्या, उन्हाने फिकटलेल्या जेलकोटशी (फायबरवरच्या मूळ रंगीत, गुळगुळीत थराशी) नवा जेलकोट जुळवणं फार कठीण. दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग आणि त्यात पाय न घसरण्यासाठी रवाळ दाणे, हे डेकला पुरेसं आणि टिकाऊ आहे. फक्त दुरुस्त केलेला तुकडा न रंगवता तो पूर्ण पट्टा रंगवा.

नटबोल्ट परत बसवताना काय करायचं, म्हणजे हे पुन्हा होणार नाही?

खरी दुरुस्ती ही आहे. आधीचं सगळं नुकसानभरपाईचं काम होतं.

समजा बोल्ट ८ मिलिमीटरचा आहे. वरच्या सालीतून आणि गाभ्यातून १८ ते २० मिलिमीटरचं भोक पाडा, खालची साल मात्र शाबूत ठेवा. आत पातळ इपॉक्सी लावा, मग सिलिकाने घट्ट केलेली इपॉक्सी काठोकाठ भरा. सुकल्यावर तिच्या मधोमध ८ मिलिमीटरचं भोक आरपार पाडा. आता बोल्टभोवती भरीव कडं तयार झालं. सीलंट कधी सुटलंच तर पाणी केबिनमध्ये टपकेल, गाभ्यात जाणार नाही. गळती दिसणं ही इथे चांगली गोष्ट आहे. शिवाय हे कडं दाब सोसतं, त्यामुळे बोल्ट आवळताना गाभा चेपत नाही.

भोकाचं तोंड वरून किंचित उताराचं करा, म्हणजे सीलंटची एक गोल वळी तिथे बसते. ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) यासाठी मला सगळ्यात आवडते: ती वर्षानुवर्षं लवचीक राहते आणि उद्या फिटिंग काढायचं झालं तर निघते. ती हळूहळू बाहेर सरकते, म्हणून एकदम आवळू नका. दोन-तीन दिवस थोडं थोडं आवळा. आवळताना नट फिरवा, बोल्ट स्थिर धरा. खाली जाड आधारपट्टी हवी, नुसते वॉशर पुरत नाहीत.

चेनप्लेट बाहेर काढल्या असतीलच, तर डेकमधून जाणारा त्यांचा भाग भिंगाखाली बघा. स्टेनलेस स्टील ओल्या आणि हवा न लागणाऱ्या फटीत आतून गंजतं, आणि बाहेरून ते चकचकीतच दिसतं.

सिलिकॉन सीलंट चालेल का?

डेकवरच्या नटबोल्टांना नको. त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि पुढे त्या जागी ना रंग धरत, ना इपॉक्सी.

स्वतःच्या सुरक्षेसाठी काय लागतं?

फायबर घासताना चांगला रेस्पिरेटर, बंद चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे. सिलिका कालवतानाही रेस्पिरेटर काढू नका. इपॉक्सीसाठी नायट्राइलचे हातमोजे, तेही फाटताच बदला. इपॉक्सी कातडीला पुन्हा पुन्हा लागली तर ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते. हाताला लागली तर ॲसिटोनने पुसू नका, ते तिला कातडीत आणखी आत नेतं. साबण-पाण्याने धुवा.

मऊ डेकची बोट विकत घ्यावी का?

बोट बाकी मनासारखी असेल आणि मऊ भाग एक-दोन पट्ट्यांपुरता असेल, तर घ्या. पण किंमत ठरवताना दुरुस्ती धरून बोला. डेक, केबिनचं छत आणि कॉकपिटचा (बोट चालवणाऱ्यांच्या उघड्या बसायच्या जागेचा) तळ, तिन्ही ठिकाणी बद्द आवाज येत असेल तर कामाचे तास शेकड्यांत जातात आणि बोट बराच काळ किनाऱ्यावरच राहते. बघायला जाताना हातोडी सोबत न्या. आणि केबिनमध्ये गेल्यावर आधी चेनप्लेटखालचं लाकूड बघा. तिथे तपकिरी ओघळ असतील, तर त्या जागेवर वर जाऊन हातोडी वाजवा.